थरथर थांबविणारे वजन

थांब्यावर उभ्या असलेल्या एस.टी. गाडीत तुम्ही बसला असालच. इंजिन संथपणे चालू असते आणि खिडकीची काच खडखड वाजत असते. चालक गाडी सुरू करतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि काचेची खडखड एकदम बंद पडते! इंजिन तर आता पूर्वीपेक्षा अधिक जोर करीत आहे. मग काच गप्प का झाली? थोडे पुढे जावे, वेग वाढावा, तर काच शांत आणि डोक्यावरील सामानाची फळी मात्र थरथरू लागलेली. पुन्हा वेग बदलला की फळीही स्वस्थ!

यात बदलला तो इंजिनाचा ताल. काचेला एका तालाचे धक्के लागू पडतात, फळीला दुसऱ्या तालाचे. म्हणजे थरथर किती होणार हे धक्क्याच्या जोरावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते धक्क्यांच्या तालावर अवलंबून असते. ही साधी गोष्ट पूल, गगनचुंबी इमारती, जहाजे आणि विजेच्या तारा यांच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते. तिच्यावर माणसाने शोधलेला एक उपाय आणि त्या उपायातील उणीव भरून काढणारे काही नवे पदार्थ यांची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

प्रत्येक वस्तूचा स्वतःचा ठेका

एक पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा. तिचे एक टोक हाताने घट्ट दाबून धरा आणि बाहेर आलेले टोक बोटाने छेडा. पट्टी बरीच बाहेर असेल तर ती संथपणे वरखाली हलेल. पट्टी आत ओढून बाहेरचा भाग आखूड केला, तर तीच पट्टी इतक्या भराभर हलेल, की गुणगुणल्यासारखा आवाज येईल. तुम्ही जोराने छेडा की हळू, पट्टीचा ठेका मात्र तोच राहतो. एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. पट्टीच्या या स्वतःच्या ठेक्याला तिची नैसर्गिक वारंवारता असे नाव आहे.

ही वारंवारता दोन गोष्टींवरून ठरते. एक ताठपणा आणि दुसरे वस्तुमान. वस्तू जितकी ताठ, तितका ठेका जलद. वस्तू जितकी जड, तितका ठेका संथ. मात्र हे प्रमाण सरळ नसते, ते वर्गमुळाचे असते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची वारंवारता दुप्पट करावयाची असेल, तर स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो. हा नियम लक्षात ठेवा. पुढे तो दोनतीनदा कामाला येणार आहे.

आता बाहेरून येणाऱ्या धक्क्यांचा ताल वस्तूच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला, तर काय होईल? झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावंडाला आपण नेमक्या क्षणी अगदी हलका धक्का देत राहिलो, तरी झोका उंच उंच जातो. प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्याच्या कामात भर घालतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. सतारीच्या पडद्यांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना वादक क्वचितच हात लावतो, पण वरच्या तारेवर त्यांचा स्वर वाजला की त्या आपोआप झंकारतात. हेही अनुस्पंदनच.

सतारीत गोड वाटणारे अनुस्पंदन पुलावर घातक ठरू शकते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून १८३१ साली सैनिकांची एक तुकडी पावलात पाऊल टाकून चालली होती. पूल तालात हेलकावू लागला आणि कोसळला. तेव्हापासून पुलावर येताच सैनिकांनी पावलांचा ताल मोडून चालावे, असा प्रघात पडला. वस्तू लगेच मोडली नाही तरी सततची थरथर तिला थकवते. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की तुटते, हा अनुभव सर्वांना आहे. यंत्रांचे दांडे, विमानांचे पंख, पुलांचे जोड यांनाही असाच थकवा येतो.

दोन लंबकांचा प्रयोग

थरथर कमी करण्याचे काही मार्ग सहज सुचतात. वस्तू अधिक भक्कम करावी, धक्क्यांचा वेग बदलावा, किंवा मध्ये रबराची गादी घालावी. पण बांधून झालेली इमारत पाडून पुन्हा भक्कम कशी बांधणार? आणि वाऱ्याला ‘ताल बदल’ असे कोण सांगणार? अशा वेळी एक निराळीच युक्ती उपयोगी पडते. ती समजण्यासाठी पुढील प्रयोग करून पाहा.

दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये सुमारे एक मीटर अंतर ठेवून एक दोरी ताणून बांधा. लोखंडाचे दोन सारखे नट घ्या. प्रत्येकाला २५ सेंटिमीटर लांबीचा दोरा बांधून ते आडव्या दोरीला थोड्या अंतराने टांगा. आता पहिल्या लंबकाला आडव्या दोरीशी काटकोन होईल अशा दिशेने झोका द्या. दुसऱ्याला हात लावू नका.

थोड्याच वेळात दुसरा लंबक आपणहून हलू लागेल. त्याचा झोका वाढत जाईल आणि पहिल्याचा कमी होत होत तो जवळजवळ थांबेल! पहिल्याची सगळी ऊर्जा दुसऱ्याने घेतली. पण थांबा, थोड्या वेळाने उलट प्रकार सुरू होईल आणि ऊर्जा पहिल्याकडे परत जाईल.

आता दुसऱ्या लंबकाचा दोरा आखडून १५ सेंटिमीटर करा आणि प्रयोग पुन्हा करा. या वेळी दुसरा लंबक जरासा चुळबुळ करील, एवढेच. पहिला आपला झोके घेतच राहील. यावरून दिसते, की दुसरा लंबक पहिल्याची ऊर्जा घेतो खरा, पण त्याचा ठेका पहिल्याशी जुळला असेल तरच.

तिसऱ्यांदा दोन्ही दोरे पुन्हा सारखे करा, पण दुसऱ्या नटाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा असा चिकटवा, की झोका घेताना तो हवा कापील. आता दुसऱ्याकडे आलेली ऊर्जा हवेच्या विरोधात खर्च होईल आणि पहिल्याकडे फारशी परत जाणार नाही. कंपनाची ऊर्जा अशी खर्ची पडण्याला अवमंदन म्हणतात. ठेका जुळलेले एक वजन आणि त्याच्या जोडीला योग्य अवमंदन, एवढी सामग्री असली की थरथर थांबविण्याचे साधन तयार झाले!

फ्रामची युक्ती

हे साधन प्रथम नीटपणे मांडले ते हर्मान फ्राम या जर्मन अभियंत्याने. तो हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात काम करीत असे. कंपने शमविणाऱ्या त्याच्या साधनाला १९११ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे १९२८ साली ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टोग या दोघांनी त्याचे गणित मांडले.

समजा, एक मोटर तिच्या तळासकट वरखाली थरथरत आहे. फ्रामची युक्ती अशी, की तळाला एक स्प्रिंग जोडावी आणि स्प्रिंगला एक छोटे वजन टांगावे. या स्प्रिंग-वजनाच्या जोडीची नैसर्गिक वारंवारता मोटरीच्या धक्क्यांच्या वारंवारतेएवढीच ठेवावी. मग वजन जोरजोराने हलू लागते, पण नेमके उलट्या वेळी. मोटरीचा धक्का ज्या क्षणी तळाला वर ढकलू पाहतो, त्या क्षणी वजन खाली गेलेले असते आणि ताणलेली स्प्रिंग तळाला तेवढ्याच जोराने खाली ओढते. धक्का खाली आला की वजन वर गेलेले असते आणि दबलेली स्प्रिंग तळाला वर रेटते. दोन जोर एकमेकांना मारतात आणि तळ स्थिर राहतो.

यात जमिनीचा किंवा भिंतीचा आधार कोठेच घेतलेला नाही. आधार आहे तो फक्त वजनाच्या जडत्वाचा. म्हणूनच आधाराला काहीही नसलेल्या ठिकाणी, म्हणजे समुद्रातील जहाजात, आकाशातील विमानात आणि मनोऱ्याच्या शेंड्यावरही हे साधन बसविता येते. याला आपण ‘जुळविलेले वजन’ म्हणू.

तारांवरील डंबेल आणि मनोऱ्यातील गोळा

जुळविलेले वजन पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. उच्च दाबाची वीज नेणारे मनोरे गावोगावी दिसतात. मनोऱ्याजवळ, तार जेथे पकडलेली असते तेथून थोड्या अंतरावर, तारेखाली छोट्या डंबेलसारखी वस्तू लटकलेली दिसेल. वळलेल्या पोलादी तारेचा एक तुकडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन वजने, एवढीच तिची रचना. मंद वाऱ्यात विजेची तार बारीक थरथरते आणि पकडीपाशी तिचे पदर थकून तुटू लागतात. जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्याने १९२० ते १९३० या दशकात त्यावर हा उपाय काढला. तारेची थरथर या वजनांत उतरते आणि वळलेल्या तारेचे पदर एकमेकांवर घासून ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते.

याच युक्तीचे भव्य रूप उंच इमारतींत दिसते. न्यूयॉर्कमधील सिटीकॉर्प इमारतीच्या माथ्यावर १९७७ साली सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा बसविला गेला. तैवानमधील ५०८ मीटर उंचीच्या ‘ताइपेइ १०१’ या इमारतीत तर वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. त्याचा व्यास साडेपाच मीटर. ही इमारत वाऱ्याने डोलते तेव्हा तिचे एक आवर्तन सुमारे ७ सेकंदांचे असते. एक मीटर लांबीच्या लंबकाचे आवर्तन सुमारे २ सेकंदांचे, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मग ७ सेकंदांचा, म्हणजे साडेतीन पट काळ घेणारा लंबक किती लांब हवा? येथेही वर्गाचाच नियम लागतो. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. म्हणजे सुमारे १२ मीटर लांबीचा. या गोळ्याच्या टांगणीला काही मजल्यांची उंची का लागली, ते यावरून कळेल. ऑगस्ट २०१५ मधील चक्रीवादळात हा गोळा मध्यापासून तब्बल एक मीटर हलला होता. गोळा हलला म्हणूनच इमारतीचे डोलणे आटोक्यात राहिले.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ साली पूर्ण झाला. त्याचे शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातील. नदीच्या खोऱ्यातील वाऱ्यात पुतळा डोलू नये म्हणून त्याच्या पोटात प्रत्येकी २५० टनांची दोन जुळविलेली वजने बसविली आहेत.

मात्रा चुकली तर?

इतका चांगला उपाय असताना अडचण कोणती? अडचण ‘जुळविलेले’ या शब्दातच आहे. पुन्हा आपल्या मोटरीकडे वळू. ती मिनिटाला १,५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. तळाची नैसर्गिक वारंवारताही २५ हर्ट्झच आहे, म्हणून ती फार थरथरते. आपण तिच्या विसाव्या हिश्श्याएवढे वजन २५ हर्ट्झला जुळवून बसविले. मोटर शांत झाली.

परंतु आता मोटर आणि वजन मिळून एक नवीनच जोडी बनली आहे, आणि या जोडीचे स्वतःचे दोन ठेके आहेत. गणित केले तर ते सुमारे २२.४ आणि २८ हर्ट्झ येतात. म्हणजे मोटरीचा वेग घसरून मिनिटाला १,३४० फेऱ्यांवर आला, किंवा वाढून १,६८० वर गेला, की अनुस्पंदन पुन्हा हजर! एक शत्रू घालवला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन नवे उभे राहिले. अवमंदन वाढवून त्यांचा जोर कमी करता येतो हे खरे, पण मग मधल्या वेगाला मिळणारी शांतताही तितकी पूर्ण राहत नाही.

प्रत्यक्ष जगात वेग आणि ठेके बदलतच असतात. पुलावर गर्दी झाली की त्याचे वस्तुमान वाढते आणि ठेका संथ होतो. जुन्या इमारतीत तडे पडले की तिचा ताठपणा घटतो. रबर थंडीत कडक होते, उन्हात मऊ. मोटारगाडीच्या इंजिनाचा वेग तर क्षणाक्षणाला बदलतो. बांधकामाच्या दिवशी अचूक जुळविलेले वजन दहा वर्षांनी बेसूर झालेले असू शकते. मैफलीत तंबोरा उतरला तर वादक खुंटी पिळून तो पुन्हा लावतो. येथे खुंटी पिळणार कोण?

मोटरीचा वेग १,५०० वरून १,३४० वर येताच स्प्रिंगचा ताठपणा शेकडा २० ने कमी करता आला असता, तर वजन पुन्हा सुरात आले असते. म्हणजे आपल्याला हवी आहे अशी स्प्रिंग, जी यंत्र चालू असतानाच, कोणी हात न लावता, हुकमासरशी ताठ किंवा सैल होईल. अशी स्प्रिंग बनविता येते ती काही खास पदार्थांपासून.

चतुर पदार्थ

स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याचे बटणाचे लायटर घ्या. त्यात ना बॅटरी, ना गारगोटी. बटण दाबले की आतला लहानसा हातोडा एका स्फटिकमय पदार्थावर आपटतो आणि त्यातून ठिणगी पडण्याइतका विद्युत्‌दाब निर्माण होतो. दाबातून वीज देणाऱ्या अशा पदार्थांना दाबविद्युत् पदार्थ म्हणतात. झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली हा गुणधर्म शोधला. उलट, या पदार्थाला वीज दिली तर तो किंचित लांबतो किंवा आखडतो.

बाहेरची परिस्थिती बदलताच ज्यांचा एखादा गुणधर्म ठळकपणे आणि पुन्हा उलटविता येईल अशा रीतीने बदलतो, त्यांना चतुर पदार्थ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांना स्वतःची बुद्धी असते असे मात्र समजू नका. केव्हा आणि किती बदलायचे हे ठरवायला वेगळा मेंदू लागतो. थरथर ओळखणारा संवेदक हे डोळे, हिशेब करणारे संगणकाचे छोटे मंडल हा मेंदू आणि चतुर पदार्थ हा खुंटी पिळणारा हात. तीन पदार्थांपासून अशा स्प्रिंगा कशा होतात ते पाहू.

पहिली, लोखंड मिसळलेले रबर. रबर पक्के होण्यापूर्वी त्यात लोखंडाची अतिसूक्ष्म पूड मिसळतात आणि ते चुंबकीय क्षेत्रात ठेवून पक्के करतात. त्यामुळे कण माळेतील मण्यांसारखे रांगेत बसतात. अशा रबराभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून वीज सोडली, की कण चुंबक बनून एकमेकांना ओढू लागतात आणि रबर ताठ होते. वीज बंद केली की पुन्हा मऊ. फोर्ड कंपनीतील संशोधकांनी २००१ च्या सुमारास असे रबर वापरून जुळविलेले वजन तयार केले. चुंबकीय क्षेत्र वाढविताच त्याची वारंवारता सुमारे एकपंचमांशाने वाढली. वर्गमुळाचा नियम आठवा. वारंवारता १.२ पट होण्यासाठी ताठपणा १.४४ पट व्हावा लागतो. हा बदल मुळीच किरकोळ नाही.

दुसरी, आठवण ठेवणारी धातू. निकेल आणि टिटॅनियम यांच्या एका मिश्रधातूला ‘निटिनॉल’ म्हणतात. नावातील ‘नॉल’ ही अक्षरे, ती जेथे विकसित झाली त्या अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेच्या नावातून आली आहेत. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी दंतवैद्य जी तार बसवितात, ती पुष्कळदा याच धातूची असते. थंड असताना ही तार मऊ असते. ती वाकवली आणि मग तापवली, तर ती आपला मूळ आकार पुन्हा धारण करते. त्याच वेळी तिचा ताठपणाही दुपटीच्या आसपास वाढतो. अशा तारांना वजन टांगावयाचे आणि वीज सोडून त्या तापवावयाच्या, म्हणजे वजनाचा ठेका बदलतो. यातील अडचणही उघड आहे. तार तापते चटकन, पण थंड होते सावकाश. त्यामुळे वेग हळूहळू बदलणाऱ्या यंत्रालाच ही स्प्रिंग मानवते.

तिसरी, दाबविद्युत् पदार्थाची. अशा पदार्थाच्या दोन बाजूंच्या तारा मोकळ्या ठेवल्या तर तो अधिक ताठ असतो आणि त्या एकमेकींना जोडल्या तर थोडा मऊ होतो. नुसत्या विद्युत् मंडलाची जोडणी बदलून ताठपणा बदलतो! बदल होतो काही टक्क्यांचाच, पण निमिषार्धात. लहान आणि जलद कंपने थांबविण्यासाठी हा उपाय सोयीचा आहे.

लोखंडी तेल आणि नाचणारा पूल

या तिघांचा एक चुलतभाऊ द्रवरूपात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून थोडा लोखंडाचा कीस मागून आणा. एका लहान पारदर्शक बाटलीत तो खाद्यतेलात कालवा, झाकण घट्ट लावा आणि बाहेरून जोरदार चुंबक लावा. पातळ मिश्रण चुंबकापाशी घट्ट लापशीसारखे होईल. चुंबक दूर नेऊन बाटली हलवा, पुन्हा पातळ! अमेरिकेतील जेकब रॅबिनोव्ह याने १९४८ च्या सुमारास अशा द्रवाचा उपयोग यंत्रांत करून दाखविला. आजच्या द्रवातील लोहकण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत आकाराचे असतात आणि तो काही सहस्रांश सेकंदात घट्ट होतो. पिचकारीसारख्या नळकांड्यात हा द्रव भरून त्यात दट्ट्या बसविला आणि दट्ट्यात तारेचे वेटोळे ठेवले, की वीज कमीजास्त करून दट्ट्याचा विरोध हवा तसा बदलता येतो.

या द्रवाची खरी परीक्षा झाली ती रशियात. व्होल्गोग्राड शहरात व्होल्गा नदीवरचा एक लांबलचक पूल ऑक्टोबर २००९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. २० मे २०१० रोजी साध्या वाऱ्यात तो सापासारखा वरखाली लाटा घेऊ लागला. पुलावर मोटारी होत्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण पूल बंद ठेवावा लागला आणि ‘नाचणारा पूल’ म्हणून त्याची चित्रे जगभर पोहोचली. वारा पुलाच्या कडांवरून निसटताना आळीपाळीने वर आणि खाली भोवरे सुटतात. त्या भोवऱ्यांचा ताल पुलाच्या ठेक्याशी जुळला होता.

हा पूल वरखाली डोलण्याच्या तीन निरनिराळ्या रीती धोक्याच्या होत्या. प्रत्येकीची वारंवारता वेगळी, साधारण अर्ध्या हर्ट्झच्या आसपासची. साधी वजने वापरली असती, तर प्रत्येक रीतीसाठी वेगळा संच लागला असता. त्याऐवजी जर्मनीतील माउरर कंपनी आणि स्वित्झर्लंडमधील एम्पा ही संशोधन संस्था यांच्या प्रयत्नातून २०११ साली पुलाच्या पोटात १२ बदलती वजने बसविली गेली. प्रत्येक वजन सुमारे ५,२०० किलोग्रॅमचे. ते स्प्रिंगांवर तोललेले असून त्याच्या जोडीला लोखंडी द्रवाचा दट्ट्या आहे. पूल त्या क्षणी कोणत्या ठेक्यावर डोलत आहे, हे संवेदक सांगतात. मग प्रत्येक आवर्तनात नेमक्या वेळी दट्ट्याचा विरोध वाढवून किंवा घटवून, स्प्रिंग ताठ किंवा सैल झाल्याचा परिणाम साधला जातो. त्यामुळे तेच वजन आता या ठेक्याला, मग त्या ठेक्याला जुळते.

वीज गेली तर?

कोणत्याही चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात येथे एक शंका येईल. पुलाची सुरक्षितता विजेवर आणि संगणकावर सोपवावी काय? वादळ येते तेव्हाच वीज जाते, हा तर नित्याचा अनुभव!

शंका रास्त आहे आणि चतुर पदार्थांच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा तोच आहे. वजन सरळ मोटर लावून ढकलण्याचीही एक पद्धत आहे. टोकियोतील एका अकरा मजली इमारतीत १९८९ साली ती प्रथम वापरली गेली. पण अशा पद्धतीत भरपूर वीज लागते आणि हिशेब चुकला, तर मोटर चुकीच्या वेळी ढकलून इमारतीचे डोलणे वाढवूही शकते. झोपाळ्याला नको त्या क्षणी धक्का देण्यासारखेच ते.

चतुर द्रवाचे तसे नाही. दट्ट्या फक्त विरोध करतो; तो स्वतः कोणाला ढकलत नाही. त्याला लागणारी वीजही थोडी असते, कारण ती वजन हलविण्यासाठी नसून फक्त खुंटी पिळण्यासाठी असते. वजन हलविण्याचे काम वारा आणि पूलच करतात. आणि वीज गेलीच, तरी स्प्रिंग आणि वजन जागेवरच असतात. फ्रामच्या साध्या साधनाप्रमाणे ते एका ठेक्यापुरते काम करीत राहतात, जुळवून घेण्याचे कसब तेवढे थांबते.

अर्थात उणिवाही आहेत. तुमच्या बाटलीतील कीस थोड्या वेळाने तळाशी बसेल. महिनोन्‌महिने स्वस्थ पडलेल्या साधनातील लोहकणही असेच खाली बसू पाहतात. रबर जुने होऊन कडक पडते. धातूची तार हजारो वेळा तापून-निवून थकते. म्हणूनच अशा साधनांची वेळोवेळी तपासणी करावी लागते आणि जेथे ठेका बदलण्याचे कारणच नाही, तेथे आजही साधे जुळविलेले वजनच बसवितात. विजेच्या तारेवरील डंबेलला कोणी संगणक जोडीत नाही. त्याची तेथे गरज नाही.

करून पाहा आणि विचार करा

१. एक जुळविलेले वजन मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या मोटरीशी जुळलेले आहे. मोटरीचा वेग १,६५० केला, तर स्प्रिंगचा ताठपणा शेकडा किती वाढवावा लागेल?

२. ४० सेंटिमीटर लांबीच्या लंबकापेक्षा दुप्पट सावकाश हलणारा लंबक हवा असेल, तर तो किती लांब असावा?

३. दोन लंबकांच्या प्रयोगात दुसऱ्या लंबकाचा दोरा २५ ऐवजी २४, २२, २०, १८ सेंटिमीटर असा बदलत न्या. प्रत्येक वेळी पहिला लंबक सर्वांत कमी झोका घेतो तेव्हा तो झोका किती, हे मागे पट्टी धरून मोजा आणि त्याचा आलेख काढा. सूर किती चुकला तर वजन निरुपयोगी होते, हे तुमचा आलेखच सांगेल.

४. पुढच्या वेळी विजेच्या मनोऱ्याजवळून जाताना लांबूनच तारांकडे पाहा. मनोऱ्यावर चढण्याचा किंवा तारांजवळ जाण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. डंबेल तारेच्या मधोमध न लावता पकडीच्या जवळच का लावलेले असतात, याची चर्चा वर्गात शिक्षकांबरोबर करा.

(उत्तरे : १. शेकडा २१. २. १६० सेंटिमीटर.)